रडायला शिकवणारी अक्का

पिंपळनेरच्या पुढे आमचं गाव. तिथे कुणी मेलं की पहिला निरोप भिकुबाईला, म्हणजे आमच्या अक्काला जायचा, नातेवाइकांना मागून. दारावर रडायला तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत नव्हती. ती नुसता हंबरडा फोडायची नाही, मेलेल्या माणसाशी बोलायची आणि शेजारच्या बायांनाही बोलतं करायची. सासूशी वीस वर्षं अबोला धरलेली सून अक्काजवळ बसली की भडाभडा सगळं ओकून टाकायची. माघारी याच बाया तिला हसायच्या, आणि घरात मयत झालं की तिच्याच दारात उभ्या. मऊ लागलं की कोपराने खणायचं, ही आमच्या गावाची जुनी खोड.

एरवी अक्का आमच्या शाळेत झाडलोट करायची, माठ भरायची. नवरा लवकर गेलेला, पदरी मूलबाळ नाही. शाळेत एकच मास्तर, सुकदेव गुरुजी. वर्गाला लागून त्यांची खोली, खोलीत टीव्ही आणि शाळेच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, लोखंडी पाइपाला बांधलेली अँटेना.

एकोणनव्वद सालचा हिवाळा होता, मी चौथीत होते. पाकिस्तानात मॅच चालू होती आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. गुरुजींनी आमच्या वर्गातल्या हिलालला धाब्यावर चढवलं. आम्ही पोरं अंगणात. गुरुजी आतून ओरडायचे, "नाही आलं!" आणि अजून फिरव म्हणून आम्ही वर ओरडायचो, "आखो फिराव! आखो फिराव!" सगळ्यांत मोठा आवाज निंबाचा. आम्हाला तो खेळच वाटत होता. चौथ्यांदा ओरडलो तेव्हा पाइप वरून गेलेल्या विजेच्या तारेला टेकला. पुढचं मी सांगणार नाही. आम्ही सव्वीस जणांनी ते पाहिलं, तेवढं पुष्कळ झालं.

मोठी माणसं कापूस वेचायला गेलेली. ती धावत येईपर्यंत गुरुजींचं ठरून गेलं होतं: पोरगं आपणहून चढलं, पाइपाशी खेळत होतं.

चौथ्या दिवशी शाळा भरली. गुरुजी म्हणाले, "जे झालं ते झालं. वर्गात कुणी त्याचं नाव काढायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. पाढे म्हणा." आम्ही पाढे म्हटले. निंबाच्या तोंडून पाढाही फुटेना. तो बोलायचाच बंद झाला होता. डब्यातली भाकरी तशीच घरी न्यायचा. त्याचा बाप त्याला बोलता करण्यासाठी मारत होता. माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता, पण मला विचारतो कोण!

अक्काने विचारलं. गुरुजी कामासाठी पिंपळनेरला गेले त्या दुपारी तिने वर्गाचं दार लोटलं, आमच्यात जमिनीवर बसली आणि डोक्यावरून पदर ओढला.

"कोठे गया रे मना हिलाल? तुनं दप्तर आठे, अन् तू कोठे?"

आम्ही घाबरलो. मग ती म्हणाली, "बोला रे पोरेसहोन. त्याले काय सांगनं शे ते सांगी टाका. नही सांगं ते पोटमा सडस."

कुणीतरी रडायला लागलं, मग सगळा वर्गच रडू लागला. आणि आठ दिवस मुका असलेला निंबा किंचाळला, "हिलाल, मीच म्हनं रे, आखो फिराव!"

अक्काने त्याला छातीशी धरलं. "तू नही मारं रे भाऊ त्याले. ज्यानी वर चढाडं, त्यानी मारं."

त्या दिवशी निंबाने भाकरी खाल्ली. मीही खाल्ली. इतकं हलकं वाटलं की काय सांगू! आणि तिथेच मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला जवळ बोलावलं, गोड आवाजात विचारलं, "काल काय काय झालं गं?" बोलायची नवी नवी गोडी लागलेली. मी निंबा काय म्हणाला तेही सांगितलं, अक्का काय म्हणाली तेही सांगितलं.

गुरुजींनी छडीला हातसुद्धा लावला नाही. एकेकाला खोलीत नेऊन एवढंच विचारलं, "फिरव फिरव कोण ओरडत होतं, ते चौकशीच्या साहेबांना सांगू का? पोलीस निंबाला नेतील. मग तुला." अक्काच्या मिरच्या धाब्यावर वाळत होत्या, हे खरंच होतं. त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला मिरच्या तेवढ्या आठवत होत्या.

साहेब आले. अक्का त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होती. साहेबांनी विचारलं, "हिलालला वर कुणी पाठवलं?" पोरं एकामागून एक म्हणाली, "अक्कानी. मिरच्या काढाले." निंबासुद्धा म्हणाला. साहेबांना संशय आला असावा. त्यांनी मला उभं केलं. "तू सांग बाळ. घाबरू नकोस."

मी अक्काकडे पाहिलं आणि मला रडू कोसळलं. हुंदके देत देत मी तेच सांगितलं.

"ही खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. "एवढंसं लेकरू, किती मनापासून रडतंय बघा." आणि त्यांनी लिहून घेतलं.

अक्काला त्याच दिवशी शाळेतून काढलं. संध्याकाळी हिलालच्या आईने, ताईबाईने, भर चौकात तिच्या तोंडावर चप्पल मारली. गाव उभं राहून बघत होतं, आणि त्या गावात माझे आईबापही होते. अक्काने गुरुजींचं नाव घेतलं, पण सव्वीस पोरांपुढे तिचं कोण ऐकणार?

सकाळी ती बोचकं घेऊन भावाच्या गावी निघाली. मी पळत फाट्यावर गेले, तिच्या लुगड्याला धरून रडायला लागले. माफ कर असं काहीतरी म्हणत होते.

तिने माझे हात सोडवले. रागाने नाही, हळूच.

"घर जाय पोरी," ती म्हणाली. "आते तुनं रडनं माले खरं वाटत नही."