सगळे ठिपके हिरवे

आमच्या दाजींना स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. हिंजवडीच्या एका कंपनीत यंत्रांना शिकवायची नोकरी करतात आणि भूगावला एका उंच इमारतीत राहतात. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या पलीकडे त्यांचा पाय जो हलायला लागला, तो अजून हलतोच आहे. चहा ते फेऱ्या मारत पितात, जेवताना मध्येच उठून खिडकीपर्यंत जाऊन येतात, आणि आमच्या गावी, भऱ्याला, घरी आले की चप्पल काढायच्या आतच 'आता पुढे काय?' असा चेहरा करून उभे राहतात. ताई म्हणते, "झोपेतसुद्धा हे कुठंतरी निघालेले असतात."

दाजींचं म्हणणं असं, की ढीगभर उदाहरणं दाखवली की यंत्र पुढचं आपलं आपण ओळखायला शिकतं. अशा शिकलेल्या यंत्राला ते मॉडेल म्हणतात. एकदा हे त्यांनी आईला समजावून सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंजी नव्या सुनंवानी. बघून बघून शिकती." दाजी इतके खूश झाले, की ऑफिसात सगळ्यांना हेच उदाहरण सांगत सुटले. माझी बायको मात्र तो सबंध दिवस कुणाशी बोलली नाही.

तर असं मॉडेल त्यांनी कशावर केलं नाही ते विचारा. चांदणी चौकातल्या गर्दीवर केलं. भूगावातून कधी निघालं म्हणजे कोंडीत अडकायला होणार नाही, हे ते सांगायचं. अगदी बरोबर सांगायचं, पण दाजी खात्री करून घ्यायला त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहायचे आणि तेवढ्यात ती वेळ टळून जायची. सोसायटीत पाण्याचा टँकर कधी येणार यावर केलं, आणि टँकरवाल्यालाच फोन करून 'तुम्ही आता निघायला हवं होतं' असं सुनावलं. भांड्यांच्या आवाजावरून ताईचा राग ओळखणारं एक मॉडेल त्यांनी गुपचूप बनवलं होतं. ताईला ते कळलं तेव्हा भांड्यांचा जो आवाज झाला, त्याचा अर्थ लावायला कुठल्याही यंत्राची गरज पडली नाही.

अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायला बोलावलं, तर हे मोबाइल घेऊन चुलीपाशी हजर. जाळी छान पडलेला अनारसा कोणता, हे त्यांना यंत्राला शिकवायचं होतं. एकेक अनारसा आईपुढे धरून विचारायचे, "हा जमलाय?" आई म्हणायची, "जमलाय की, जावयबापू." जळका धरला तरी जमलाय, तुपात हसून चिंध्या झालेला धरला तरी जमलाय. जावयाच्या हातातला अनारसा बिघडलाय असं सासूनं कोणत्या तोंडानं म्हणायचं? शेवटी त्या मॉडेलनं परसातल्या गोवरीचा फोटो पाहून 'उत्तम अनारसा' असा निकाल दिला. दाजी दोन दिवस त्यातली चूक शोधत होते. चूक कुठं आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगणार कोण?

कारण आमच्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई. त्याला पाट, त्याला टोपी-टॉवेल, आणि त्याच्या प्रत्येक बोलण्याला होकार. दाजी पारावर उभे राहून काहीही बोलले तरी चार जण एका सुरात म्हणणार, "व्हय दाजी, बराबर हाय." दाजी मूळचे नाशिककडचे. त्यांना वाटायचं, आमचं गाव जात्याच समजूतदार आहे.

गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं पिरंगुटच्या हायस्कुलात जावं लागतं, आणि त्या उंबऱ्यावर दरवर्षी एखाददुसरी पोरगी गळते. मागच्या हिवाळ्यात आमच्या ओट्यावर शाळेचे गुरुजी हेच बोलत होते. त्यांना घोर होता सानिकाचा. सानिका डोंगराकडच्या वाडीवरची, बबनची थोरली. गणितात अशी, की फळ्यावरची गुरुजींची चूक जागेवरून सांगायची. "ती बसली घरी, तर माझी मास्तरकी फुकट," गुरुजी म्हणाले. दाजी लांब फेऱ्या मारत होते ते तिथंच वळले. "कोण गळणार हे आधी कळलं, तर वेळेवर काही करता येईल ना?" त्यांनी विचारलं. खरं सांगतो, त्यांचं इतकं शहाणपणाचं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग दाजींनी जिवाचं रान केलं. शनिवार-रविवार भूगावातून येऊन हजेऱ्या घेतल्या, गुण घेतले, कुणाचं घर किती लांब ते स्वतः चालून पाहिलं. आणि घरोघर जाऊन आईबापांना विचारलं, "मुलीला पुढे शिकवणार ना?" वाडीवर मी त्यांच्याबरोबर होतो. बबन हात जोडून म्हणाला, "व्हय दाजी, शिकिवनार की." त्याच्या बायकोनं, कमलनं, पदर सावरत मान हलवली. लॅपटॉपवर प्रत्येक मुलीचा एक ठिपका होता. गळणार असेल तर लाल, टिकणार असेल तर हिरवा. मॉडेल चाललं आणि सगळे ठिपके हिरवे आले. दाजींनी गुरुजींना मिठी मारली. गुरुजी दर उन्हाळ्यात पालकांना समजवायला वाडी चढायचे, ते त्या वर्षी निश्चिंत मनानं बहिणीकडे राहायला गेले.

जूनमध्ये हायस्कूल सुरू झालं आणि सानिका आली नाही. गुरुजींचा फोन आला तसे दाजी कामावरून थेट वाडीवर. मी त्यांना पायथ्याशी गाठलं. ते इतक्या झपाझप चढत होते, की मला बोलायलाही श्वास उरेना. वर दारात सानिका धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि आत गेली.

"तुम्ही तर हो म्हणाला होतात," दाजी बबनला म्हणाले. बबन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. बोलली ती कमल. "जावय दारात आल्यावं न्हाई म्हनतं का कुनी?"

दाजींचा चेहरा त्या वेळी मला बघवला नाही. गोवरीपासून ठिपक्यांपर्यंतचं सगळं त्यांना एका क्षणात कळलं असावं. कमलनं पाण्याचा तांब्या पुढे केला. दाजी म्हणाले, "नको." तिनं चहाचं आधण ठेवते म्हटलं. "तोही नको. मी रुसलोय."

रुसलेला माणूस असं जाहीर करत नाही, पण दाजींना याची सवय नव्हती. सासरी त्यांनी साध्या मिठावरूनही कधी कुरकुर केली नव्हती. शिवाय जावयानं रुसून बसायचं असतं. हे रुसून फेऱ्या मारत होते. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोंबड्या बाजूला होतायत आणि हे चाललेत. पण जावई तो जावई. गावाचा जावई वाडीवर पाण्याला शिवत नाही म्हटल्यावर बायाबापड्या गोळा झाल्या, बातमी खाली गेली, आणि गुडघे दुखतात म्हणून देवळातही न जाणारी माझी आई चढ चढून वर आली.

"काय गं कमल, काय झालं?" आईनं विचारलं. कमलचा बांध फुटला. "काकी, आमी दोगं कामावं जातो. पोरगी साळंला गेली तर ह्या धाकल्याला कोन बगंल? पोरीला शिकवू ने आसं वाटतंय व्हय मला?" हा एवढाच अडसर होता, आणि तो दाजींच्या मॉडेलला काय, आम्हालाही कुणी सांगितला नव्हता. आई दमून जोत्यावर टेकली. "मग माज्याकडं सोड की त्याला. माज्या नातवंडांत ह्यो एक." बबननं कमलकडे पाहिलं. "बरं. सोमवारपासनं धाडतो पोरीला." दाजी थांबले. "हे जावई म्हणून सांगताय, की खरं?" बबन पहिल्यांदाच हसला. "खरं सांगतुया. पानी प्या आता." दाजींनी तांब्या उभ्यानंच रिकामा केला.

सानिका जायला लागली. दाजींची बेचैनी मात्र वाढली. आजवर मिळालेला प्रत्येक होकार त्यांना संशयास्पद वाटू लागला. आईला त्यांनी अनारशांचं विचारलं. आई म्हणाली, "निम्मं जळालं व्हतं." त्यानंतर आईची भीड चेपली ती चेपलीच. आता ती त्यांना पाट मांडत नाही, उलट "उबंच हायसा तर तेवडी घागर आना" म्हणते. गावातही लोक तोंडावर "न्हाई दाजी, ह्ये जमायचं न्हाई" म्हणतात. दाजींना ते आवडतं. मला मात्र कधी कधी त्यांचा तो जुना थाट आठवून वाईट वाटतं.

परवा दुपारी त्यांच्या गाडीतून आम्ही पिरंगुटहून येत होतो. रस्त्याच्या कडेनं, डंपरची धूळ चुकवत सानिका चालली होती. दाजींनी तिला गाडीत घेतलं आणि न राहवून विचारलं, "काय गं, आवडते ना शाळा?"

"न्हाई," ती म्हणाली.

दाजींनी गाडीचा वेग कमी केला. "पोरी माज्या बोलन्याला हसत्यात," ती पुढे सांगू लागली. "इंग्रजीच्या बाई बिगीबिगी बोलत्यात. मला काय बी कळत न्हाई." तिच्या आवाजात रडं नव्हतं. वाडीच्या पायवाटेपाशी दाजी थांबले. आरशात तिच्याकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "मग सोडायची आहे का?"

सानिकानं दप्तर खांद्याला लावलं. समजायला जरा वेळ लागणाऱ्या मुलाकडे बघावं तसं तिनं दाजींकडे पाहिलं. "आवडत न्हाई म्हनलं. सोडते कुटं म्हनलं?"

आणि ती उतरून चढाला लागली. दाजी दार उघडून बाहेर गेले आणि डोंगराकडे तोंड करून ओरडले, "अगं, इंग्रजीचा कुठला धडा चाललाय?" पण ती तोवर वळणाआड गेली होती. दाजी तिथंच उभे राहिले, आणि त्यांचा पाय हलत नव्हता.