टेंपो कधी सांगावा

टेंपो कधी सांगायचा, हा प्रश्न त्या वर्षी मी इतक्या जणांना विचारला की आमचे हे म्हणाले, "तू घर घेतेयस की टेंपो?"

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही तासगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. यांची सांगलीला बदली झाली आणि तिथं हळदीच्या वखारींच्या मागं एक बैठं घर विकाऊ निघालं. विकणारे नवरा-बायको मूळचे कुंडलचे. गावाकडं नवं घर बांधत होते, ते झालं की जाणार. आमचं स्वतःचं असं पहिलंच घर. माझे पाय जमिनीवर नव्हते.

मला आधीच नाही तिथं नाक खुपसायची सवय. एजंटला विचारलं, तो म्हणाला, विसार दिला की लगेच टेंपो सांगा. वकील म्हणाले, खरेदीखत झाल्याशिवाय घरातला चमचासुद्धा हलवू नका. शेजारीण म्हणाली, आधी मुहूर्त बघावा, टेंपोचं काय, तो येतोच. मला गंमत वाटायची. घर कधी आपलं होतं, याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, आणि प्रत्येकजण अगदी छातीठोकपणे सांगणार!

शेवटी टेंपोवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, "वैनी, पाडव्याच्या टायमाला तासगावात मोकळा टेंपो गावायचा न्हाई. समदे द्राक्षावर. द्राक्ष थांबत न्हाई, तुमचं कपाट थांबतंय. सांगायचं तर आत्ताच सांगा."

यांनी तिथल्या तिथं पाडव्याची सकाळ सांगून टाकली. खरेदीखत अजून व्हायचं होतं, विकणाऱ्यांची भांडी अजून फळीवर होती, आणि आमचा टेंपो ठरलेला! मी म्हटलं, अहो, बाजारात तुरी आणि तुमचं हे काय चाललंय? पण टेंपो ठरला म्हणून घरमालकाला पाडव्याला खोल्या सोडतो म्हणून सांगितलं, आणि त्याला बेदाणा ठेवायला जागा हवीच होती. झालं, परतीची वाट बंद.

खरेदीखत मात्र वेळेत झालं. विकणारे गृहस्थ म्हणाले, पाडव्याला सकाळी किल्ली तुमच्या हातात. मी पुन्हा एकदा घर डोळे भरून बघून आले. मधल्या खोलीत तुळईला पाळण्याची कडी होती. मी तिच्याकडं बघत राहिले, तर यांनी लगबगीनं नळाचा विषय काढला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आमच्याकडं पाळणा हलला नव्हता. घर घ्यायचं ठरलं तेव्हा सासरचं कुणीतरी म्हणालंही होतं, दोघांना कशाला एवढं घर? ते मला फार लागलं होतं.

पाडव्याला सकाळी आम्ही निघालो. टेंपोत पुढं मी, मांडीवर दुधाचं पातेलं धरून. आमच्यात नव्या घरात आधी दूध उतू घालवायचं आणि मगच सामान आत न्यायचं, अशी रीत. त्या दुधात माझा जीव अडकला होता. ते नीट उतू गेलं की घर आपलं, असं मी मनाशी धरूनच बसले होते. कागदावरच्या सह्यांपेक्षा मला ते खरं वाटत होतं.

सांगलीत पोचलो. गल्लीत दारोदारी गुढ्या, फक्त आमच्या घराला नाही. दार उघडं. दारात घर विकणाऱ्या त्या बाई, पदराला हात पुसत उभ्या, चेहरा पांढराफटक. मी पायरीवर पाय ठेवला आणि वास आला. ओवा-शेपांच्या धुरीचा. तो वास ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही.

"लेक बाळंत झाली, ताई," त्या म्हणाल्या. "वैशाखात व्हायची ती आत्ताच झाली. कालच दवाखान्यातनं घरी आणली. आमचे मालक पहिल्या गाडीनं तुमच्याकडंच गेल्यात, तासगावला, सांगायला."

म्हणजे ते तिकडं आणि आम्ही इकडं, वाटेत कुठंतरी चुकामूक. मी कपाळावर हात मारला.

बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नाहीत. कुंडलच्या घराला तर अजून दारंच बसली नव्हती. खरेदीखतात वकिलांनी नारळाच्या झाडापासून विजेच्या मीटरपर्यंत सगळं घातलं होतं, बाळंतिणीचं कलम तेवढं नव्हतं. मला संताप आला, आणि मागोमाग रडू. तासगावच्या खोल्यांत एव्हाना बेदाण्याच्या पेट्या येऊन पडल्या असणार. ना तिथलं घर, ना इथलं.

"वैनी," टेंपोवाला म्हणाला, "दुपारी माल भरायचा हाय. उतरवायचं का माघारी न्यायचं, बिगीनं बोला."

हे म्हणाले, "आधी दूध तर ठेवू. मुहूर्त साधू, मग बघू." मी म्हटलं, "घरात सोयर आहे, गुढीसुद्धा नाही, आणि दूध?" यावर त्या बाईच विचारात पडल्या. म्हणाल्या, "सोयर आमचं. घर तर तुमचं झालं. मग तुमाला कसं लागंल?" एवढ्या गडबडीतही मला त्या प्रश्नाचं कौतुक वाटलं. खरंच, घर एकाचं आणि सोयर दुसऱ्याचं, असं कधी ऐकलंय? तिथं भटजी असते तर मी खोदून खोदून विचारलं असतं.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमची शेगडी मांडली, सिलिंडर जोडला, हळदकुंकू वाहिलं आणि पातेलं चढवलं. मी समोर बसून राहिले. बघत बसलं की दूध तापतच नाही मेलं.

बाईंनी सहज विचारलं, "तुमाला पोरंबाळं किती, ताई?"

"नाही अजून."

त्या उठून मधल्या खोलीत गेल्या. ते असं उठून जाणं माझ्या ओळखीचं होतं. आता मधल्या खोलीचं दार पुढं ओढलं जाणार, हेही ठाऊक होतं. आमच्याकडच्या किती पाचव्या आणि बारशी मला वगळून झाली होती! मी दुधाकडं बघत राहिले, पण कान दाराकडं. बघूया तरी, ओढतात का.

दार तर ओढलं नाहीच, उलट आतून हाक आली. "ताई, जरा या बघू आत. लेकीला उठवायची हाय, मला दोन हात पायजेत. धरा ह्याला. मान सांभाळा."

आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर. लालबुंद, सुरकुतलेलं, मुठी घट्ट मिटलेल्या. आधी कुरकुरलं, मग जांभई दिली, केवढीशी ती जांभई! मी हलायचीच थांबले. श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

स्वयंपाकघरातून चर्र आवाज आला. पाठोपाठ करपलेल्या सायीचा वास.

"अगं बाई, दूध!" मी ओरडले, तेसुद्धा हळूच. उठणार कशी?

यांनी धावत जाऊन गॅस बंद केला. "सगळ्या फरशीवर पसरलं," ते तिथूनच म्हणाले.

बाई लेकीला धरून उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "आवं, उतूच जायला पायजे हुतं न्हवं? गेलं की!"

तेवढ्यात टेंपोवाला खिडकीशी आला. "काय ठरलं, वैनी? न्यू का माघारी?"

"उतरवा," मी म्हणाले. "पुढच्या खोलीत लावा सगळं. पण सावकाश हं, भांड्यांचा आवाज झाला तर याद राखा. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."