समोर खुर्ची नसलेलं टेबल

आमचे वृत्तसंपादक करंदीकर यांच्या टेबलासमोर खुर्ची नव्हती. बातमीची कल्पना घेऊन येणाऱ्याने दारात उभं राहायचं आणि एका वाक्यात सांगायची. "बसलात की पाल्हाळ लावता," म्हणायचे. वाक्य संपलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "ह्यात नवीन काय?" भल्याभल्यांची बोबडी वळायची.

बिबवेवाडीत पाणी येत नाही, असं एकदा मी सांगितलं. "गेल्या उन्हाळ्याची बातमी काढा, तारीख बदला आणि घरी जा." असा राग आला होता! तरी माणूस मला आवडायचा. एकदा घेतलेली बातमी ते कुणाचाही फोन आला तरी मागे घेत नसत.

"हिंजवडीचा रस्ता दुचाकीवाल्यांचा जीव घेतोय," हे वाक्य घेऊन तर मी अख्खा पावसाळा त्या दारात उभी राहिले.

"अहो जोशीबाई, रस्त्यात खड्डा आहे हे पुणेकराला त्याची कंबर सांगते. पेपर कशाला हवा?"

त्यांची मुलगी रेवा कोथरूडहून त्याच रस्त्याने नोकरीला जायची. खड्डा चुकवताना तिची गाडी घसरली, मागून बस आली. जागीच गेली.

दिवसकार्य उरकून ते ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या टेबलावर मी काम बघत होते. मी उठायला लागले.

"बसा," ते म्हणाले आणि दारातच थांबले, आम्ही उभे राहायचो तिथे. "हिंजवडीचा रस्ता दुचाकीवाल्यांचा जीव घेतोय." मग म्हणाले, "विचारा."

माझ्याने विचारवेना. मला रडू फुटलं.

"मग मीच विचारतो. ह्यात नवीन काय?" त्यांनी चौकट धरली होती. "काही नाही हो. या वेळी माझी होती, एवढंच."

"सर, उद्या पहिल्या पानावर घेते."

"घ्या. पण रेवाचं नाव नको, ते छापून झालं. तिच्याआधी गेले त्यांची शोधा. त्यांना मी जागा दिली नव्हती."

बातमी आली. खड्डे बुजवले गेले आणि पुढच्या पावसात पुन्हा पडले. करंदीकर मात्र त्या दिवसानंतर ऑफिसात आले नाहीत. घरीही कुणाला भेटत नसत. दोन वर्षांत तेही गेले.

आता त्या टेबलासमोर मी खुर्ची ठेवली आहे. मुलं येतात, बसतात, पाल्हाळ लावतात. नवीन काय, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही. कुणी गेल्याची बातमी असली की मी आधी नाव विचारते.