रोझीचं गाऱ्हाणं आणि साहेबांची न झालेली सही

ज्या साहेबांनी रोझीच्या पत्रावर सही केली नाही, त्यांचा फोटो आज तिच्या स्मृतिदिनाच्या बॅनरवर तिच्यापेक्षा मोठा आहे.

कणकवलीत, भर हायवेवर. हात जोडलेले, चेहरा गंभीर.

रोझी कोण, हे नवीन मित्रांना सांगतो. माझी कॉलेजातली मैत्रीण. मालवणजवळच्या ख्रिश्चन घरातली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. गेल्या वर्षी आजच्या दिवशी गेली.

तिची मावशी नन आहे. आफ्रिकेतल्या एका दवाखान्यात नर्स.

एका रविवारी मावशीने व्हिडिओ कॉलवर लशींचा फ्रिज उघडून दाखवला. रिकामा. श्रीमंत देशांनी गरीब देशांतल्या बाळांच्या लशींचा निधी कापला होता. बाया पोरांना पाठीला बांधून मैलोन्‌मैल चालत येत होत्या आणि तशाच परत जात होत्या.

आपण स्टेटस टाकलं असतं. रोझीने पत्र लिहायला घेतलं.

मागणी साधी होती. लशी आपल्या देशात बनतात, तर जगभरच्या बाळांच्या लसनिधीत भारताने आपला वाटा वाढवावा. खाली आपल्या लोकप्रतिनिधीची सही, आणि पत्र थेट दिल्लीला.

वालावलला आमच्या एनएसएस कॅम्पचा समारोप होता. आमचे लोकप्रतिनिधी, म्हणजे हेच साहेब, प्रमुख पाहुणे. त्या पत्रासाठी मी वीस मिनिटं भाषण ठोकलं. इतिहास, मानवता, सगळं आणलं. साहेब मोबाइल बघत होते.

मी खाली उतरलो तर रोझी म्हणाली, "झाला तुझा? आता बस. हयल्या लोकांका भाषणाची सवय नाय, गाऱ्हाण्याक व्हय म्हणाची आसा."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे गावाने देवासमोर उभं राहून मोठ्याने सांगितलेली मागणी. एकजण बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो.

पुढे बसलेले एक आजोबा उठलेच. "अगो, बाईमाणूस खंय गाऱ्हाणा घालता?"

"आजोबा, पोराक सुई टोचूक घेऊन कोण जाता? तुमी?"

सगळा मांडव हसला. आजोबाही हसले. "घाल गो बाय, घाल."

रोझीने हात जोडले.

"बा म्हाराजा, आमच्या पोरांका जन्मल्या जन्मल्या लस मिळता!"

"व्हय म्हाराजा!"

"पण दर्याच्या पलाड जी पोरां आसत, तेंची लस मोठ्या देशांनी तोडूक घेतली हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर आपल्या सरकारान तेंका हात देवचो, आणि ह्या सायबांनी आमच्या पत्रार आजच्या आज सही करूची!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा होता.

जन्मभराची सवय. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि तोंडातून शब्द गेला. डोळे उघडले तेव्हा समोर रोझी. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात पेन.

मांडवात इतक्या शिट्ट्या मी कधी ऐकल्या नाहीत.

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आसा गो चेडू! ऑफिसात ये, थंय करूया."

ती ऑफिसात गेली. एकदा नाही, चारदा. तिथे मालवणी संपायची.

"हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही."

"पुढच्या आठवड्यात बघू."

"आधी आपल्या जिल्ह्याचं बघायला नको का?"

चौथ्या वेळी साहेब हसत म्हणाले, "बाळा, आफ्रिकेत आपले मतदार किती?"

रोझी म्हणाली, "साहेब, गोवर मतदारयादी बघून येत नाही."

त्यानंतर तिला आत सोडलं नाही.

मी चिडून म्हटलं, आपण मोर्चा काढू, मी बोलतो. ती म्हणाली, "तुका बोलूचा आसात तर बोल. मी सह्या घेतंय."

लसीकरणाच्या दिवशी ती आरोग्य उपकेंद्रांच्या दारात उभी राहायची. बाया सुई टोचलेलं, रडणारं पोर खांद्यावर घेऊन बाहेर यायच्या. ती त्यांना मावशीचा फ्रिज सांगायची. एक बाई म्हणाली, "सायबाची सही कित्याक होई गो? माझी घे. पोर माझा आसा."

सह्यांची वही भरत गेली.

मग लावणी आली. रोझी आईबरोबर चिखलात उतरली, आणि ताप आला. लेप्टो, चिखलपाण्यातून होणारा. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, इथे सोय नाही, गोव्याला न्या. गोव्याच्या हद्दीआधीचा इन्सुलीचा चेकपोस्ट ओलांडायच्या आत ती गेली.

एकवीस वर्षांची मुलगी. अॅम्ब्युलन्समध्ये. आईच्या मांडीवर.

आधी आपल्या जिल्ह्याचं बघू म्हणणारे इतकी वर्षं नेमकं काय बघत होते?

ज्याला लांबच्या पोराचं मरण लांबचं वाटतं, त्याला जवळच्या पोराचंही काही वाटत नाही. हे माझं मत नाही. हा माझा वर्षभराचा अनुभव आहे.

आज सकाळी चर्चमध्ये तिच्यासाठी मीस, म्हणजे प्रार्थना, झाली. बाहेर आलो, तर साहेबांच्या पीएचा फोन.

"संध्याकाळी श्रद्धांजली सभा ठेवली आहे. तुम्ही बोलता छान. दहा मिनिटं द्या."

"साहेब सभेत सही करणार?"

"अहो, आजच्या दिवशी तरी राजकारण नको."

मिळेल त्या माइकवर बोलणारा माणूस मी. आयुष्यात पहिल्यांदा भाषणाला नाही म्हटलं.

रोझीच्या आईने वही माझ्या हातात दिली. "ह्यां तुमीच धाडा." उद्या पोस्ट उघडलं की पत्र आणि वही दिल्लीला जातील, सगळ्या आयांच्या सह्यांसकट. पत्राच्या तळाशी साहेबांचं नाव टाइप केलेलं आहे, वरची जागा कोरी. ती तशीच जाऊ दे. दिल्लीलाही दिसू दे.

कुणाला आपलं नाव घालायचं असेल, तर उद्या सकाळी पोस्टाच्या दारात या. पेन आणा.

जा गो रोझी. रवलेला काम आमी करतंव.