टाक्यावर आहे

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफ करा. चौथीपर्यंतच शिकले. पण अक्कांबद्दल लिहायला दुसरं कुणी बसणार नाही, म्हणून मीच बसले.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. दोन महिन्यांपूर्वी सकाळी मी कॉफी घेऊन गेले, तर शिलाई मशीनवर डोकं टेकलेलं... गेल्या होत्या.

कुवेंपुनगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत त्या तीस वर्षं ब्लाउज शिवत होत्या. कच्चा टाका घातलेल्या, पक्की शिलाई राहिलेल्या कपड्याला त्यांनी कधी अर्धवट म्हटलं नाही. "आयिता, अक्का?" झालं का, असं गिऱ्हाइकानं कानडीत विचारलं की उत्तर एकच, "टाक्यावर आहे." मग चुलीवरचा भात टाक्यावर, धाकट्या दिरांची नोकरीही दोन वर्षं टाक्यावरच! मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "हिचं शिक्षण अर्धवटच." अक्कांनी कात्री ठेवली. "अर्धवट म्हणजे सोडून दिलेलं, अम्मा. ही टाक्यावर आहे." दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांची मापं त्या माझ्याकडून लिहून घेऊ लागल्या. चुकले की म्हणत, "उसव, परत घाल. कच्चा टाका त्यासाठीच असतो गं."

तेराव्यानंतर हिनकलच्या सुमित्राबाई आल्या. त्यांच्या मुलीचा लग्नाचा ब्लाउज अक्कांच्या हातात होता, बाह्या तेवढ्या जोडायच्या राहिलेल्या. गेलेल्या माणसाचं राहिलेलं शिवण आमच्यातल्या जुन्या बायका पुरं करू देत नाहीत, उसवून कापड परत देतात.

"उसवून द्या, वैनी. नवरीच्या अंगावर अर्धवट नको."

"देऊन टाक," हेही म्हणाले. "सुम्मने, उगाच वाद कशाला?"

एरवी मी परक्यांशी दाराआडून बोलते. त्या दिवशी ब्लाउज घट्ट धरून मध्ये उभी राहिले. "अर्धवट नाही हा. टाक्यावर आहे. मी उसवणार नाही." मग सुमित्राबाईंकडे वळले. "मुलीला पाठवा. घालून बघून ती नको म्हणाली, तर नवं कापड मी आणेन."

बाह्या मी जोडल्या. मुलगी आली, आरशासमोर हात वर केले, खाली केले. "अम्मा, हाच," एवढंच आईला म्हणाली.

लग्नात एका म्हाताऱ्या बाईंनी तिची बाही चिमटीत धरून विचारलं, "कुणाच्या हातचा गं?" मुलगी माझ्याकडे बघू लागली. भरल्या मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी म्हणाले, "अक्कांच्या आणि माझ्या."