खालच्या गवताची चार पोती

मी हमागुची. खिंडीवरच्या मुक्कामघरापर्यंत पाठीवर ओझी वाहतो, बावीस वर्षं झाली. आम्हा ओझीवाल्यांत जाताना पाठ भरलेली, येताना मोकळी. भरल्या पाठीने उतरणाऱ्याचं हसं होतं.

मुक्कामघर मिने-सान चालवायची. जन्मलीही तिथेच. बाई कसली, खवीस! चाळीस वर्षांपूर्वी बडे पाहुणे येणार म्हणून तिच्या बापाने उघड्या पडलेल्या उतारावर खालच्या कुरणातलं गवत पेरलं. तीन आठवड्यांत हिरवंगार, पाहुणे खूश. दोन उन्हाळ्यांनी मात्र पिवळ्या लिलीचं एक फूल दिसेना. गवताने सगळं गिळलं होतं. बाप गेला आणि ही वर्षानुवर्षं ते उपटत राहिली. उपटलेल्या जागी त्याच उतारावरचं बी शरद ऋतूत वेचून पेरायची आणि वर पेंढ्याच्या चटया अंथरायची. अशाने उतार भरायला पंधरा वर्षं लागतात. लागू देत, म्हणायची. येणाऱ्याजाणाऱ्याला बुटाचे तळवे घासल्याशिवाय उतारावरच्या फळ्यांच्या वाटेवर, फळीवाटेवर, पाय ठेवू देत नसे, बुटांतून परकं बी येतं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये गाव कचेरीतल्या कुसाकाबेने मला चार पोती वर न्यायला लावली. दोन खेपांत नेली; पहिली दोन आदल्या दिवशी फळीवाटेच्या अलीकडे ठेवून आलो होतो. आत काय आहे, विचारलंही नाही. गाढव मी, दुसरं काय!

दुसऱ्या खेपेला मिने-सानने फळीवाटेच्या तोंडाशीच अडवलं. पोत्यात हात घातला, त्याच खालच्या गवताचं मूठभर बी काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बूट घासलेस, शाब्बास. आणि पाठीवर हे काय आणलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून कुसाकाबे आला. तपकिरी उतार फोटोत वाईट दिसतो, लोक तक्रार करतात, पंधरा वर्षं थांबायला कुणाला वेळ आहे, असं बरंच बोलला. ती बधेना, तेव्हा म्हणाला, मुक्कामघराचा करार मार्चमध्ये संपतोय, सही माझ्या हातात आहे.

तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"मार्चपर्यंत कशाला थांबता? घर घ्या. उतार मिळायचा नाही. पेरलंत तर उपटीन. बापाचं उपटलं, तुमचं काय घेऊन बसलात!"

कुसाकाबे मला म्हणाला, "उचल रे, चल वर."

मी दोन पोती उचलली आणि खाली वळलो. तो वाटभर मागून शिव्या घालत होता. चढणारे सोबती विचारत होते, रस्ता चुकलास का? म्हटलं, आत्ता सापडलाय. दुसऱ्या दिवशी उरलेली दोन उतरवली.

मार्चमध्ये करार गेलाच. मिने-सान आता गावात बहिणीकडे राहते. बर्फ वितळलं की डबा बांधून वर येते आणि दिवसभर चटयांशी वाकलेली असते. ते घर दुसऱ्याचं झालेलं बघून माझ्याच पोटात तुटतं. तिला विचारलं, तर म्हणाली, रोज तुटतं.

उतार अजून तपकिरीच आहे. कुसाकाबे परवा भेटला तर म्हणतो, हरलीच ना शेवटी म्हातारी. मी म्हटलं, वर जाऊन बघून या, तुमच्या गवताचं एक पातं सापडतंय का.