बावन्न नंबर कसा आहे?

ते परत येणार हे मला टीमच्या समर्थक मंडळाच्या ईमेलवरून कळलं. ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मी इतकी संतापले की उतरायचं स्टेशन मागे गेलं. ‘आपले लाडके कान्तोकु पुन्हा आपल्याकडे!’ असं लिहिलं होतं, वर फुलांची चित्रं.

हेड कोचला इथे जपानमध्ये कान्तोकु म्हणतात. या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे मी तीन कान्तोकु पाहिलेत. मी त्या कॉलेजात कधी शिकले नाही. त्यांचं मैदान हिगाशी-कसाईतल्या आमच्या घरापासून सायकलने जवळ आहे, इतकंच. लहानपणी रविवारी आईच्या ऑनलाइन शिकवण्या असत आणि घरात आवाज चालत नसे. म्हणून बाबा मला मागे बसवून तिथे नेत. तिकीट नव्हतं, आणि बाकांवर कोणी आपल्याशी बोलायला येत नसे. मला दोन्ही आवडायचं.

“अगं, हे कसलं फुटबॉल? ही तर हेल्मेट घालून कबड्डी,” बाबा पहिल्या दिवशी म्हणाले होते. त्यांना खेळ आजही कळत नाही. मला मात्र कळायला लागला, कारण शेजारी आजी बसायच्या. त्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना जपानीत ‘ओबाआसान’ म्हणते, इथे आजीच लिहिते. त्यांचे यजमान कधीकाळी याच टीममध्ये खेळले होते. थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्या माझ्यापुढे धरत आणि मैदानावरची नजर न हटवता नियम सांगत.

पहिले कान्तोकु बारीक अंगाचे, टोपी कपाळावर ओढलेले. एखाद्या मुलाच्या डोक्याला मार बसला की ते उठत, त्याचं हेल्मेट काढून घेत आणि आपल्या खुर्चीखाली ठेवत. मग मुलाने कितीही गयावया केली तरी मिळायचं नाही. हेल्मेटशिवाय खेळता येत नाही, विषय संपला. टीम हरायची. मॅच संपली की सगळे बाकांसमोर रांगेत उभे राहून कमरेतून वाकत, आणि ते सगळ्यात शेवटी मान वर करत. हरतात म्हणून त्यांना काढलं.

मग हे आले, आता परत येतायत तेच. रुंद खांद्यांचे, देखणे, हसले की फोटोत छान दिसणारे. टीम जिंकायला लागली, बाकं भरायला लागली. कोणी पडलं की हे खुर्चीतूनच ओरडत, “जमेल ना?” आणि खाली पडलेला मुलगा ओरडे, “हाइ!” म्हणजे हो. सगळी टीम बघत असताना ‘नाही’ म्हणणारा मुलगा मी एकदाही पाहिला नाही. लोकांना या प्रश्नोत्तराचं भारी कौतुक. आमच्या मागच्या बाकावरचे एक काका तर त्या “हाइ!”ला टाळ्या वाजवायचे.

बावन्न नंबरची जर्सी आजींच्या नातवाची. एका मॅचमध्ये त्याच्या डोक्याला जोराचा मार लागला. उठला तो उलट्या दिशेला तोंड करून, आणि समोरच्या टीमच्या बाकाकडे चालायला लागला. लोक हसले. मी हसले नाही, आजीही नाही.

“जमेल ना?”

“हाइ!”

त्याला परत आत पाठवलं. पुढचा धक्का मी पाहिला नाही, मी आजींचे हात बघत होते. चहाचं झाकण त्यांनी नीट घट्ट लावलं आणि त्या खाली गेल्या. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याच्याजवळ त्याच बसल्या. टीम जिंकली. रांग उभी राहिली, सगळे वाकले, टाळ्या झाल्या.

त्यानंतर जे झालं त्याचा राग मला आजही आवरत नाही. नातू हॉस्पिटलमध्ये असताना आजी ठेवणीतला किमोनो नेसून मिठाईचा खोका घेऊन कॉलेजात गेल्या. टीमला आपल्यामुळे त्रास झाला, मॅच थांबवावी लागली, म्हणून माफी मागायला! इथे तशी रीत आहे. आणि त्या माणसाने, कान्तोकुने, तो खोका घेतला. “तो स्वतःच हो म्हणाला होता,” एवढं बोलून दोन्ही हातांनी घेतला. हॉस्पिटलमध्ये तो कधी आला नाही, घरीही नाही.

बावन्न नंबरने कॉलेज सोडलं, आता तो आजींकडेच असतो. पुस्तकाचं पान पुरं होण्याआधी त्याचं डोकं ठणकायला लागतं. दिवसा पडदे ओढलेले असतात. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो, ते वार त्याच्या लक्षात राहत नाहीत. जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी तो प्लास्टिकची पिशवी घेऊन खाली येतो, तिच्यावर ‘नेता येणार नाही’ असा स्टिकर लागतो, आणि मग तीच पिशवी तो परत वर नेतो. मला दिसला की मान झुकवून म्हणतो, “सॉरी.” मला सॉरी!

यथावकाश ते कान्तोकु मोठ्या टीमकडे गेले. तिसरे आले. तरुण, पुटपुटत बोलणारे. त्यांनी “जमेल ना?” बंद केलं, जखमी मुलांना सरळ बाहेर बसवलं आणि हरले. म्हणून आता पुन्हा हे.

ईमेलनंतर मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. पहिल्या मॅचला कान्तोकुंना पुष्पगुच्छ द्यायचा होता, आणि तो मी द्यावा असं सगळ्यांचं मत पडलं होतं. “तुम्ही लहानपणापासून येता. शिवाय परदेशी. फोटो फार सुंदर येईल.” मला फोनवर पटकन बोलता येत नाही, कुठल्याच भाषेत. “छान, मग ठरलं,” ते म्हणाले.

बाबांना सांगितलं. “देऊन टाक फुलं,” ते म्हणाले. “आपण इथे व्हिसावर. आपल्याला काय करायचंय त्यांच्या भानगडींत?”

“बाबा, तो आपल्या खाली राहतो.”

“म्हणूनच म्हणतो. आजी काही बोलत नाहीत, आणि तू बोलणार?”

पहिल्या मॅचच्या दिवशी आजी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. मी पुष्पगुच्छ घेऊन मैदानात उतरले. ते हसत दोन्ही हात पुढे करून उभे होते. मी फुलं सोडली नाहीत. म्हणाले, “बावन्न नंबर कसा आहे?”

“अरिगातो, अरिगातो,” असे आभार मानत त्यांनी फुलं ओढून घेतली. त्यांनी ऐकलंच नव्हतं. किंवा ऐकलं होतं. कॅमेरा वाजला.

तो फोटो मंडळाच्या पानावर आहे. माझं तोंड उघडं आहे, भारावून अभिनंदन करत असल्यासारखं. खाली लिहिलंय, ‘परदेशी चाहतीकडून हृद्य स्वागत.’ तो फोटो बघून मी फोन गादीवर आपटला. बोलले होते मी. आयुष्यात एकदा, तोंडावर, बोलले होते, आणि त्याचंही त्यांनी स्वागत करून टाकलं.

पुढच्या रविवारी मॅच संपली. रांग उभी राहिली. सगळे वाकले, टाळ्या थांबल्या. कान्तोकु वळायच्या आधी क्षणभर सगळं शांत असतं. मी उभी राहिले.

“बावन्न नंबर कसा आहे?”

आवाज चिरकला. मागचे काका “श्शऽ” म्हणाले. रांगेतल्या दोन-चार मुलांनी मान वर केली. कान्तोकुंनी केली नाही. ते वळले आणि चालायला लागले.

मी खाली बसले. आता आजी शरमेने उठून जातील, असं वाटलं. उद्या कदाचित माझ्यासाठी माफी मागायलासुद्धा जातील, खोका घेऊन.

आजींनी चहा ओतला आणि मैदानावरची नजर न हटवता झाकण माझ्यापुढे धरलं.

“पुढच्या वेळी टाळ्या थांबायच्या आत, ते वाकलेले असतानाच विचार,” त्या म्हणाल्या. “आणि मोठ्याने. माणूस चालायला लागला की ऐकत नाही.”